कोंबडीखताचा वास आणि क्लिपर्टन बेट

ऑक्टोबर छाटणीच्या आधी तासगाव भागात द्राक्षबागांच्या बोदांवर, म्हणजे वेलींखालच्या वरंब्यांवर, कोंबडीखत पडतं. रस्त्यानं जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. शेजारी सुपर फॉस्फेटची पोती असतातच. दोन्हींत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. याच स्फुरदापायी शंभरेक माणसं एकेकाळी पॅसिफिक महासागरातल्या एका ओसाड बेटावर जाऊन राहिली होती.

बेटाचं नाव क्लिपर्टन. मेक्सिकोपासून हजारएक किलोमीटर लांब, आपल्या कोचीच्या जवळपासच्या अक्षांशावर. बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी रचलेलं 12 किलोमीटर घेराचं कडं, मध्ये चहूबाजूंनी बंद तळं. कडं बहुतेक ठिकाणी पुरुषभर उंच, फक्त एका बाजूला मूळ ज्वालामुखीचा 29 मीटरचा सुळका. आपल्या सह्याद्रीत जिकडे पाहावं तिकडे असाच अग्निजन्य कातळ. तिथे तेवढा सुळका सोडला तर सगळा चुनाच.

या चुन्यावर समुद्रपक्षी शतकानुशतकं विष्ठा टाकत आले. पावसानं तिच्यातलं नत्र धुऊन जातं. स्फुरद मात्र चुन्याशी संयोग पावून फॉस्फेट होऊन बसतं. ते उपसायला कंपन्या आल्या. 1906 च्या सुमारास एका ब्रिटिश कंपनीनं मेक्सिकोच्या साथीनं तिथे वस्ती उभारली. दीपगृह आलं, सैनिक आले, त्यांची बायकामुलंही आली.

पुढे मेक्सिकोत क्रांती पेटली आणि 1914 नंतर रसदीचं जहाज येईनासं झालं. ताजी भाजी नाही, फळं नाहीत, नारळही मोजकेच. स्कर्व्हीनं, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगानं, माणसं पटापट गेली. लांब दिसलेलं जहाज गाठायला होडी घालणारा सैनिकांचा कप्तान रामोन आर्नो सोबत्यांसह बुडाला. उरलेला एकच पुरुष, दीपगृहाचा रखवालदार, स्वतःला राजा म्हणवून बायकांवर अत्याचार करू लागला. शेवटी त्यांनीच त्याला मारलं. त्याच सुमारास, जुलै 1917 मध्ये, यॉर्कटाउन ही अमेरिकन युद्धनौका तिथे पोचली. बायका आणि मुलं मिळून अकराच माणसं जिवंत होती.

एवढं सोसूनही बेट मेक्सिकोला मिळालं नाही. फ्रान्सशी असलेल्या वादात लवाद होता इटलीचा राजा. त्यानं 1931 मध्ये निकाल फ्रान्सच्या बाजूनं दिला. 1858 मध्ये एका फ्रेंच जहाजावरून बेटावर हक्क सांगितला गेला होता, तो ग्राह्य धरला. मला हा निकाल अजून पचत नाही.

माणसं गेली, डुकरं मागे राहिली. ती खेकडे आणि पक्ष्यांची अंडी फस्त करत. 1958 मध्ये केन स्टेगर या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञानं बंदूक उचलून सगळी 58 डुकरं टिपली. पक्षी सावरले, मास्क्ड बूबी या समुद्रपक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत आज तिथेच आहे. पण नारिंगी खेकडेही लाखांनी वाढले आणि त्यांनी हिरवळ खाऊन बेट उघडंबोडकं केलं. अलीकडे फुटलेल्या जहाजांतून उंदीर उतरलेत. हे उंदीर खेकड्यांना खातात, त्यामुळे झुडपं पुन्हा वाढू लागली आहेत. आणि पक्ष्यांच्या अंड्यांना आता उंदरांची भीती आहे.