लाकूड कोरणाऱ्या भुंग्याची ओळख कशी ठरत गेली

गोठ्याच्या वाशाला किंवा मांडवाच्या बांबूला बोट जाईल एवढं गोल भोक, खाली ताज्या भुशाची रास आणि आतून येणारी घरघर. एवढं दिसलं की खेड्यातलं पोरही सांगतं, भुंगा आहे. शास्त्रात हा मधमाश्यांच्या झायलोकोपा या प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस). पोळं नाही, राणी नाही. काही जातींत दोन-चार माद्या एकाच घरट्यात राहतात, पण एरवी प्रत्येक मादी आपला बोगदा स्वतः कोरते. त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाची भिंत घालून पुढच्या खोलीला लागते. ती लाकूड खात नाही, फक्त पोखरते.

सवयीवरची ही ओळख फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचा मोह सांगताना ज्ञानेश्वरांनी कोरडं लाकूड पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर आणला आहे. दाखला स्नेहाचा असला तरी त्यातलं ‘कोरडं’ हे निरीक्षण पक्कं आहे. हे भुंगे वाळलेलं, मेलेलं लाकूडच निवडतात. युरोपात रेओम्यूर या फ्रेंच अभ्यासकाने कीटकांवरच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात, 1742 मध्ये, लाकूड भोसकणाऱ्या मधमाशीचं घरटं तपशिलात मांडलं. तोही सवयीवरूनच तिला ओळखत होता.

अडचण संग्रहालयांत सुरू झाली. टाचणीला टोचलेला मेलेला कीटक लाकूड कोरून दाखवत नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये युरोपातला जांभळ्या पंखांचा भुंगा नोंदवला खरा, पण त्याच्या एपिस या प्रजातीत सगळ्याच मधमाश्या कोंबलेल्या होत्या. मध देणारी, मातीत बीळ करणारी, पानं कातरणारी, सगळ्या एकाच पोत्यात. ते पोतं 1802 मध्ये दोन धर्मोपदेशकांनी उसवलं. इंग्लंडमध्ये विल्यम कर्बी याने जिभेची लांबी आणि टोक पाहून मधमाश्यांचे दोन मोठे गट केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लात्रेय याने लाकूड कोरणाऱ्यांना वेगळं काढून झायलोकोपा हे नाव दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत हा लात्रेय बोर्दोच्या तुरुंगात होता. कोठडीत सापडलेल्या एका छोट्या भुंगेऱ्यामुळे त्याची कीटकशास्त्रज्ञांशी ओळख झाली आणि त्यांच्या खटपटीने तो सुटला. नाहीतर हे नाव बहुधा दुसऱ्याच कुणीतरी दिलं असतं.

जीभ हे लक्षण चांगलं, पण वाळलेल्या नमुन्यात ती आत ओढलेली असते. म्हणून जिनिव्हाच्या लुई ज्युरीन या शल्यचिकित्सकाने 1807 मध्ये मांडलेली रीत जास्त टिकली: पंखांच्या शिरा आणि त्यांच्यामधले कप्पे पाहायचे. झायलोकोपा इथे चटकन सापडतो. बहुतेक मधमाश्यांच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक जाडसर गडद ठिपका असतो, तो इथे जवळपास नसतोच. कडेचा कप्पा लांबट, अरुंद, दोन्हीकडे निमुळता. त्याच्या पलीकडे पंखाच्या टोकाकडचा पातळ भाग बारीक पुरळ उठल्यासारखा खरखरीत. साधं भिंग पुरतं. इंटरनेटवर ज्याला सर्रास बम्बलबी म्हटलं जातं, त्याच्याशी होणारा गोंधळ तर भिंगाशिवायही मिटतो. बम्बलबीचं पोट वरूनही केसाळ असतं, भुंग्याचं वरून चकचकीत आणि बरंचसं उघडं. बम्बलबी भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात, त्यामुळे सांगली-साताऱ्यातल्या शेवग्यावर घोंगावणारा जीव भुंगाच समजावा.

प्रजाती ठरली तरी जाती ठरेनात, आणि त्याला रंग कारणीभूत होता. आपल्याकडच्या झायलोकोपा प्युबेसेन्सची मादी काळी, फक्त वक्षावर पिवळी मखमल. नर मात्र अंगभर हिरवट पिवळा. दोघं शेजारी ठेवली तर नवख्याला नातं पटणार नाही, आणि अशा नर-मादींना वेगळ्या जाती समजण्याची चूक भल्याभल्यांकडून झाली आहे. ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरचा चार्ल्स बिंगहॅमचा खंड 1897 मध्ये निघाला. बिंगहॅम आधी बॉम्बे स्टाफ कोअरमधला सैनिक, पुढे ब्रह्मदेशात वनाधिकारी. त्याच्या पुस्तकात जाती ओळखताना केसांच्या रंगावर बराच भर आहे. अजूनही पुष्कळजण त्यालाच धरून चालतात, ते मला थोडं धोक्याचं वाटतं. केस झिजतात, उन्हाने उडतात.

त्यापेक्षा भरवशाची लक्षणं लपलेली निघाली. पर्किन्स याने 1899 मध्ये दाखवलं की काही भुंग्यांच्या मादीच्या उदराच्या पहिल्याच खंडात, वक्षाला टेकणाऱ्या बाजूला, एक पोकळ कोठडी असते आणि तिच्यात माइट म्हणजे बारीक कोळीवर्गीय जीव राहतात. बाहेर फक्त छोटंसं छिद्र. हे भाडेकरू घरमालकिणीच्या कितपत कामाचे, यावर अजून एकमत नाही, पण उपप्रजाती, म्हणजे प्रजातीतले लहान गट, ठरवायला ही कोठडी फार उपयोगी पडली. पुढे हर्ड आणि मूर यांनी 1963 मध्ये जगभरच्या भुंग्यांची नवी मांडणी केली आणि मिंकलीने 1998 मध्ये ती पुन्हा तपासली. आज साडेचारशेहून जास्त जाती एकाच झायलोकोपा प्रजातीत, अनेक उपप्रजातींत विभागून मांडल्या जातात.

एक लक्षण मात्र महाराष्ट्रात नव्याने उजेडात आलं. तमिळनाडूतल्या त्रांकेबारवरून 1804 मध्ये ज्याचं नाव पडलं, तो झायलोकोपा त्रांकेबारिका हा भुंगा भीमाशंकरच्या जंगलात रात्री उडतो, अगदी चंद्र नसतानाही. हेमा सोमनाथन, रेनी बॉर्जेस आणि स्वीडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की तो चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. संयुक्त डोळे तर मोठे आहेतच, पण डोक्यावरचे तीन साधे डोळेही दिवसा उडणाऱ्या भावंडांपेक्षा ठळक मोठे. हे मोबाइलच्या फोटोतही दिसू शकतं, फक्त फोटो समोरून आणि किंचित वरून काढायला हवा. फुलात डोकं खुपसलेल्या भुंग्याच्या पाठीवरून प्रजाती सांगता येते, पण जातीचं नाव लिहायची घाई करू नये.