‘मामा’ नेमके कोणाचे? पूर्व विदर्भातल्या तलावांची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला, गाळ काढायची कामं निघाली, की नागपूरच्या बैठकांमध्ये मामा तलावांचा विषय येतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. फायलीत आखूड केलेलं हे नाव आता लोकांच्या तोंडी बसलंय. पण त्यानं या तलावांचा इतिहास निम्म्याहून जास्त झाकला जातो, म्हणून आधी नावाचंच बघू.

मालगुजारी ही मध्य प्रांत १८६१ मध्ये तयार झाल्यानंतरची व्यवस्था. शेतसारा गोळा करून देणाऱ्या पाटलांना इंग्रजांनी गावाचे मालक करून टाकलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मिळून असे सात हजारांच्या आसपास तलाव सांगितले जातात. त्यातले कितीतरी मालगुजार हा शब्द इकडे येण्याआधीच पाणी धरून होते. नवेगावबांध अठराव्या शतकातला, कोहळी या शेतकरी समाजातल्या एका पाटलानं बांधवलेला. त्याच्याही आधी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन द्यायची रीत पाडली होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आहे. तिथे राहणाऱ्यांनाही हे ठाऊक असतंच असं नाही. नागपुरातला जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, हाही गोंड राजवटीतला.

आता या सगळ्याला ‘आदिवासींचं पारंपरिक ज्ञान’ म्हणायची पद्धत पडली आहे. तेही पुरतं खरं नाही. राज्य गोंडांचं, उतार वाचून पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे घालायची ते ओळखणारे कोहळी, आणि तलावाच्या पोटात काय उगवतं, कुठला मासा कुठे अंडी घालतो हे जाणणारे ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा समाज. कोहळी आदिवासी नाहीत. ज्ञान तिघांत वाटलेलं होतं आणि एकट्याच्या हिश्श्यावर तलाव चालत नव्हता.

तलाव समजायला झाडीपट्टीतले, म्हणजे याच पूर्व विदर्भातले, चार शब्द पुरतात. पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. जादा पाणी पाळ न फोडता निघून जायची वाट म्हणजे सलंग. पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, वाटून देणारा तो पाणकर. लहान तलावाला बोडी म्हणतात. एका तलावाचा सलंग खालच्या बोडीत उतरतो, तिचा त्याच्याही खालच्या बोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा शहराला जादा पाण्याच्या वाटेची आठवण झाली. खेड्यात ती वाट दर पावसाळ्याआधी साफ व्हायची.

साफ करायची, कारण निस्तार. इथेच खरा गुंता आहे. निस्तार म्हणजे गावाच्या रोजच्या गरजा भागवायचा हक्क: जळण, चराई, पाणी. गावच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेल्या असत. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला मिळायचं हे ठरलेलं असे, आणि ज्याला पाणी मिळे त्यानं पाळीवर माती टाकायला यायचं हेही ठरलेलं असे. मालगुजार काही संत नव्हते. त्यांची वेठबिगार भोगलेल्या घरांत आजही त्यांच्याबद्दल प्रेमानं बोलत नाहीत.

मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० चा, अमलात आला ३१ मार्च १९५१ ला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, निर्णय इथलाच. त्यातली तलावांची तरतूद सहसा कोणी वाचत नाही. गावठाणाबाहेरच्या, पडीक जागेवरच्या ज्या तलावातून मालगुजाराशिवाय दुसऱ्या कोणालाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो तलाव त्याच्याकडेच राहणार होता. म्हणजे असे जे तलाव सरकारात गेले, ते नेमके गावाचा हक्क असलेले. जमीनदारी मोडणं योग्यच होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद असा की मालक हटवताना गावाला मालक का केलं नाही? हक्क कागदावर राहिला, पाळीवर माती टाकायचं काम मात्र आता ‘खात्याचं’ झालं. त्यात पाणीपट्टीचं भांडण. शेतकरी म्हणे, निस्तारात पाणी फुकट लिहिलंय. सरकार म्हणे, मग दुरुस्ती कशातून करू? मधल्या मधे तुडूम फुटले.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधाऱ्यांकडे. मासेमारीचा ठेका निराळा, बुडीत जमिनीची नोंद महसुलात. एकाच तलावाला तीन दारं झाली. ठेका घेणाऱ्या संस्थांनी रोहू, कतला, मृगळाचं बीज सोडलं, कारण वजन लवकर भरतं. गवत्या मासा आला तो पाणवनस्पती फस्त करत. मरळ, वाघूर कमी झाले. काठावर बेशरम हे तण माजलं.

गेल्या दहाएक वर्षांत जलयुक्त शिवार आणि गाळमुक्त धरण योजनांतून या तलावांवर पैसा आला, हे चांगलंच झालं. पण पोकलेन तळ सरसकट खोल करतं. ढिवरांचं म्हणणं, उथळ काठ राहिला तरच देवधान (रानटी भात), कमळ आणि पाण्याखालची गवतं धरतात, आणि ती धरली तरच मासा अंडी घालतो, पाखरं उतरतात. महाराष्ट्रातले सारस जवळपास सगळे गोंदियाच्या बाजूला का, याचं बरंचसं उत्तर या काठात आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही ढिवर गटांनी हे करून पाहिलं. आधी बेशरम मुळासकट उपटली, मग उन्हाळ्यात कोरडा पडलेला काठ नांगरला आणि पहिल्या पावसानंतर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. लावणीत बायका पुढे होत्या, कारण कुठली वनस्पती किती पाण्यात तगते हे त्यांना ठाऊक होतं. तिथे स्थानिक मासा परत येऊ लागला. ठेका मात्र अजून मुदतीचाच आहे, आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागतो.