गाईड कॅमेऱ्याच्या वायरीतून माउंटला नेमकं काय जातं?

डिसेंबरात राजापूरच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) मृगातला तेजोमेघ टिपायला गेलं की खरी मेहनत एकाच गोष्टीची असते, तीन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारे गोल राहायला हवेत. आकाश दर सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, माउंटची, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते त्या फिरत्या स्टँडची, मोटर दुर्बीण त्याच वेगाने त्याच्यामागे फिरवते, पण आतला वर्म गिअर (स्क्रूसारखा दांडा, म्हणजे वर्म, आणि त्याने फिरणारं दातेरी चाक) कधीच अगदी अचूक कापलेला नसतो. १८० दात्यांचं चाक असेल तर वर्मचा एक फेरा साधारण ८ मिनिटांचा, आणि तेवढ्या वेळात तारा थोडा पुढे थोडा मागे डुलतो, फोटोत तो लांबुळका दिसतो.

हे डुलणं गाईड कॅमेरा पकडतो. छोट्या दुर्बिणीतून तो दर दोनेक सेकंदांनी एकाच ताऱ्याचा फोटो काढत राहतो, लॅपटॉपवरचं पीएचडी२ हे सॉफ्टवेअर (फुकट मिळतं, आणि खरंच उत्तम आहे) तारा किती हलला ते पिक्सेलच्या छोट्याशा भागापर्यंत मोजतं आणि माउंटला सावरायला सांगतं.

सांगायचं कसं, तर एसटी-४ पोर्टमधून. हे नाव एका जुन्या अमेरिकन गाईड कॅमेऱ्यावरून पडलं. या वायरीतून आकडे वगैरे काही जात नाहीत. सहा पिनांपैकी एक रिकामी, एक ग्राउंड, उरलेल्या चार म्हणजे चार दिशा. कॅमेरा ज्या दिशेची पिन ग्राउंडला टेकवेल त्या दिशेचं बटण दाबल्यासारखं होतं, बस. आरएमध्ये, म्हणजे आकाशासोबत पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षावर, तर मोटर सहसा उलटीही फिरत नाही, गाईड रेट (सावरताना वेग किती बदलायचा ते) ०.५ ठेवला तर ती क्षणभर दीडपट किंवा अर्ध्या वेगाने चालते. इतकी साधी युक्ती, आणि त्यावर इतके सुंदर फोटो निघतात!

पण वायर आत सहा तारा असलेलीच लागते हो. माझी वायर तुटली तेव्हा मी घरातल्या जुन्या लँडलाइनच्या वायरीला क्लिप क्रिम्प करून नेली, क्लिप खटकन बसली पण आत ताराच चार. कॅलिब्रेशन (कुठल्या बटणाने तारा कुठे आणि किती सरकतो हे सॉफ्टवेअरने आधी मोजून घेणं) फेल, पुन्हा फेल, तासभर ध्रुव साधण्यातच, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यातच, चूक शोधत बसलो. शेवटी पीएचडी२च्या मॅन्युअल गाईडमधली चारही दिशांची बटणं एकेक करून दाबून बघितली तर आरएच्या एका बाजूला तारा सरकत होता, दुसऱ्या बाजूला जागचा हलत नव्हता. तेव्हापासून आधी ही चार बटणं, मग कॅलिब्रेशन. आणि टॉर्च लावून पोर्टवरचं नाव वाचाच, काही माउंटांवर हँड कंट्रोलरचं पोर्टही असंच दिसतं आणि त्यात १२ व्होल्ट असतात, कॅमेरा जळू शकतो.

माउंट लॅपटॉपला जोडता येत असेल तर यूएसबीवरून पल्स गाईडिंग (सावरायचा हुकूम लॅपटॉपवरून थेट माउंटला) करा असंच मी सांगेन, कारण तेव्हा दुर्बीण कुठे बघतेय हे सॉफ्टवेअरला कळतं आणि दर वेळी नव्याने कॅलिब्रेशन करत बसावं लागत नाही.

आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेसोळा अंशांवर, अंगणातून बघाल तर माडांच्या आड, म्हणून सडाच बरा. मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटतो, लोंबती वायर हलली की पीएचडी२मधला ताऱ्याच्या हलण्याचा ग्राफ उड्या मारतो, ती माउंटलाच पट्टीने बांधा. दवासाठी दोन्ही दुर्बिणींना हीटर हवाच. आणि खारी हवा पिनांवर हिरवट पुटं चढवते, म्हणून वायर घरी आणल्यावर पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवतो, सहा तारांची दुसरीही त्याच डब्यात.