चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर: हा आकडा आला कुठून?

कुत्रा चावला की दवाखान्यात हमखास विचारतात, ‘कुत्रं पाळीव की भटकं? दहा दिवस लक्ष ठेवता येईल का?’ रेबीज व्हायला दहा दिवस लागतात, म्हणून हे विचारतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. कुत्र्याच्या अंगात विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. दहा दिवसांत एवढंच कळतं, की चावला त्या दिवशी कुत्र्याच्या लाळेत विषाणू होता की नव्हता.

लाळेतून रोग लागतो हे जर्मनीत गेऑर्ग झिंके यांनी १८०४ मध्ये दाखवलं. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ त्यांनी निरोगी कुत्र्याच्या जखमेत लावली होती. पण लाळ विषारी होते कधी? पॅरिसमध्ये नोकार आणि रू यांनी १८९० मध्ये त्याचं उत्तर शोधलं: कुत्रा वरकरणी ठणठणीत असतानाही, लक्षणांच्या दोन-तीन दिवस आधीपासून लाळेत विष सापडतं. विषाणू जखमेतून मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो आणि तिथून लाळग्रंथींत उतरतो. म्हणजे लाळेत तो आला तेव्हा मेंदू आधीच गेलेला असतो. असा कुत्रा थोड्याच दिवसांत आजारी पडतो आणि लक्षणं दिसल्यावर बहुधा आठवड्याच्या आत मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल, तर चावला तेव्हा लाळ स्वच्छ होती, असं धरतात.

पूर्वी चावलेलं कुत्रं जागच्या जागी काठीने मारायची रीत होती. नेग्री यांना १९०३ मध्ये रोगी मेंदूच्या पेशींत विशिष्ट कण दिसले आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान होऊ लागलं, तेव्हा या रीतीचा तोटा उघड झाला. कुत्रा लवकर मारला तर ते कण तयारच झालेले नसतात. अहवालात ‘आढळले नाही’ येतं आणि चावा झालेला माणूस निर्धास्त होतो. म्हणून कुत्र्याला बांधून ठेवा, मरायचा तर आपसूक मरू द्या, हा सल्ला रूढ झाला. १९५८ मध्ये चमकणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी आली (प्रतिपिंडं विषाणूला चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात) आणि निदानाची ही अडचण बरीचशी सुटली. तरी भटक्या कुत्र्यांविषयीच्या आपल्या २००१ च्या केंद्रीय नियमांत संशयित कुत्र्याला नैसर्गिक मृत्यूपर्यंत वेगळं ठेवण्याची तरतूद होती, आणि अवेळी मारल्याने रोगाचं खरं प्रमाण कळत नाही, हे कारणही तिथे दिलं होतं.

भारतात या दहा दिवसांना वजन आलं ते लसीमुळे. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्ल वापरून लस केली. पोटातली ती चौदा इंजेक्शनं घराघरांत ठाऊक होती. दुखणं तर होतंच. लसीतल्या मेंदूच्या अंशामुळे काहींना अर्धांगवायूही होई. त्यामुळे कुत्रं जिवंत दिसलं की सुया थांबवायच्या, हा सगळ्यांच्याच सोयीचा मार्ग होता. या लसीचं उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झालं.

आता लस दंडात टोचतात आणि ती मेंदूऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, त्यामुळे वाट पाहण्याचं कारणच उरलेलं नाही. शिवाय १९८२ च्या एका प्रयोगात इथिओपियातल्या विषाणूची लागण केलेल्या कुत्र्यांच्या लाळेत लक्षणांच्या १३ दिवस आधीसुद्धा विषाणू मिळाला होता. म्हणून साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुणं, त्याच दिवशी लस आणि रक्त आलेल्या चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरोधी तयार प्रतिपिंडं), हे सगळं लगेच करायचं. नजर ठेवणं सोबतीने चालतं. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशीच्या वेळापत्रकात कुत्रं दहा दिवस निरोगी राहिलं, तर डॉक्टर १४ व्या दिवसाचा डोस गाळून २८ व्या दिवसाचा देतात.

चुका बांधून ठेवण्यातच होतात. कुत्र्याचं लसीकरण कार्ड दाखवून नजरेतून सूट मागू नये. त्या दहा दिवसांत कुत्र्याला लसही टोचू नये, नाहीतर सुस्ती लसीची की रोगाची, हे कळत नाही. खाणं सोडणं, आवाज बदलणं, जबडा लोंबणं, लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं यांपैकी काहीही दिसलं की पशुवैद्य आणि डॉक्टर दोघांनाही कळवायचं. सोसायटीतले लोक कुत्र्याला दूर सोडून येतात, तेव्हा पुरावाच जातो. मग लसीचे सगळे डोस घ्यावे लागतात. कुत्रं मेलं तर डोकं बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचं. फॉर्मलिनमध्ये टाकलं की नेहमीची चाचणी बिघडते.

आपल्या कुत्र्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं, तर हिशेब उलटा. तिथे लागण झाल्यापासून लक्षणांपर्यंतचा पूर्ण काळ मोजावा लागतो. अमेरिकेत लस न घेतलेल्या अशा कुत्र्याला सहा महिने कोंडत. २०१६ पासून चार महिने पुरेसे मानतात. लस चालू असेल तर ताबडतोब बूस्टर आणि ४५ दिवस घरीच देखरेख. ब्रिटननेही बाहेरून येणारी कुत्री दशकानुदशकं सहा महिने कोंडली, ती याच धास्तीने. पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तिथे रोग परतला होता आणि तो १९२२ मध्ये आटोक्यात आला.

आपल्याकडे दहा दिवसांचा हिशेब फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. मुंगूस, माकड, कोल्हा चावला तर पिंजरा लावून वाट पाहायची नाही, कारण त्यांच्या लाळेत विषाणू किती दिवस आधीपासून असतो याचा तसा भरवशाचा आकडा हाती नाही.