इजिप्तचे तारे-देव : साह, सोपदेत आणि ३६ डेकन

प्राचीन इजिप्त म्हटलं की सगळं लक्ष सूर्यदेव रा कडे जातं, पण रात्रीचं घड्याळ आणि वर्षाचा हिशोब सांभाळायचे ते तारे, आणि त्यातले बरेचसे देवच होते.

मोठा मान सोपदेतचा. सोपदेत म्हणजे आपला व्याध, फक्त तिकडे ती देवी आहे, पुढे इसिस या देवीशी एकरूप झालेली. तिचा जोडीदार साह, म्हणजे ढोबळमानाने आपलं मृग नक्षत्र, तो मृतांचा देव ओसायरिस याचं रूप. इजिप्तमधल्या देर अल-बहारीजवळच्या, सेनेनमुत नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्याचं छत (इ.स.पू. १५वं शतक) नीट बघा, साह होडीत उभा राहून मान वळवून मागे बघतोय आणि मागून दुसऱ्या होडीत सोपदेत येतेय. आकाशातही अगदी तसंच, आधी मृग उगवतं मग व्याध.

व्याध साधारण ७० दिवस सूर्याच्या उजेडात गायब असतो, मग एका पहाटे सूर्योदयाच्या जरा आधी पूर्वेला परत दिसतो. त्याच सुमारास नाईलला पूर यायचा, म्हणून सोपदेत पूर आणणारी आणि नवं वर्ष सुरू करणारी.

डेकन म्हणजे ३६ तारे किंवा तारकासमूह. दर १० दिवसांनी नवा डेकन पहाटे उगवायचा, म्हणजे ३६० दिवस झाले, उरलेले ५ ओसायरिस, होरस, सेत, इसिस आणि नेफ्थिस या पाच देवांचे वाढदिवस. रात्रीचे १२ तासही यांच्यावरूनच मोजायचे. अस्यूत या गावी तर शवपेट्यांच्या झाकणाला आतून डेकनचे तक्ते रंगवलेत, म्हणजे मेल्यावरही माणसाला रात्र किती झाली ते कळायला हवं, काय म्हणावं याला!

उत्तरेकडे मेस्खेतिऊ, आपले सप्तर्षी, पण इथे बैलाचा पुढचा पाय, सेतचा, आणि तो सुटू नये म्हणून पाणघोडीच्या रूपातली देवी त्याला बांधून धरते. कधीच न मावळणारे उत्तरेचे तारे अविनाशी मानायचे, आणि मेलेल्या राजाने त्यांच्यात जाऊन बसावं असं पिरॅमिडमधल्या मंत्रांत येतं.

गंमत म्हणजे कॅलेंडर मात्र ३६५ दिवसांचंच ठेवलं, लीप वर्ष नाही, त्यामुळे सोपदेतचा उदय दर ४ वर्षांनी एक दिवस पुढे सरकत राहिला. इ.स.पू. २३८ मधे राजा टॉलेमी तिसऱ्याच्या काळात पुजाऱ्यांनी दर ४ वर्षांनी एक दिवस वाढवायचा ठराव केला, पण तो काही टिकला नाही, शेवटी ते काम रोमन सम्राट ऑगस्टसच्या राजवटीत झालं.