द्रव्यनिवड

एखादी वस्तू घडवताना तिचा प्रत्येक भाग कशाचा करायचा हे ठरवण्याची प्रक्रिया. कारखान्यात हिला द्रव्यनिवड कोणी म्हणत नाही, तिथे ‘मटेरियल’ हाच शब्द चालतो. ‘पदार्थनिवड’ म्हणावे, तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ताट येते.

भागाचे काम काय, त्याने काय सोसायचे, तो घडवायचा कसा आणि कितीत बसवायचा, हे सगळे एकदम पाहावे लागते. त्यामुळे सर्वांत मजबूत द्रव्यच योग्य ठरेल असे नाही. केंब्रिज विद्यापीठातील मायकेल अ‍ॅशबी यांनी दोन गुणधर्म दोन अक्षांवर मांडून द्रव्यांचे आलेख तयार केले, तेव्हापासून ही तुलना सोपी झाली. वाकू नये पण हलका असावा अशा भरीव दांड्यासाठी यंग गुणांकाचे (द्रव्य किती ताठ आहे हे सांगणाऱ्या आकड्याचे) वर्गमूळ भागिले घनता ही राशी पाहतात. तीत लाकूड पोलादाच्या पुढे जाते. बैलाच्या मानेवरचे जू लाकडाऐवजी तितक्याच ताठ, भरीव पोलादाचे केले, तर त्याचे वजन दुपटीहून अधिक भरेल. पोकळ नळी वापरली की मात्र हिशेब बदलतो. बैलगाडीच्या चाकाची तऱ्हा वेगळी: तेही लाकडाचेच, पण रस्त्यावर झिजणारी धाव लोखंडाची.

घरातले उत्तम उदाहरण म्हणजे प्रेशर कुकर. आत हवेच्या दाबाहून सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंमी जास्त दाब असतो आणि पाणी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. भांड्यासाठी अ‍ॅल्युमिनियम सोयीचे. त्याची घनता 2.7 ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि स्टेनलेस स्टीलच्या बारा-पंधरा पट सहज ते उष्णता वाहून नेते. पत्र्याची चकती साच्यात दाबून खोल भांडे ओढून काढायचे असते. तिथे फार कडक मिश्रधातू फाटतो, मऊ पत्रा निमूट ओढला जातो. दोष एवढाच, की चिंच-कोकमाच्या आंबटाने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यावर उपाय म्हणून विजेने ऑक्साइडचा टणक थर चढवतात, म्हणजे पृष्ठभागाचे कठीण अ‍ॅनोडायझिंग करतात. पितळेच्या भांड्याला कल्हई करण्यामागेही हाच विचार होता.

मुठीला बेकेलाइट लागते. ते उष्णता जवळजवळ वाहू देत नाही, आणि एकदा घट्ट झाले की तापवून वितळत नाही. गॅस्केट रबराची, कारण झाकण आणि काठ यांतली फट फक्त लवचीक द्रव्यच भरून काढू शकते. तिचा लवचीकपणा उष्णतेने कमी होत जातो, म्हणून ती बदलता येईल अशीच बसवलेली असते. शिट्टी जड हवी, कारण तिचे वजनच दाब ठरवते.

सर्वांत चतुर निवड सेफ्टी व्हॉल्व्हची. डाळीचा फेस नळीत अडकून शिट्टी तुंबली किंवा पाणी आटून कुकर कोरडा पडला, की तापमान चढते आणि व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट देतो. इतर भाग टिकावेत म्हणून निवडलेले, हा मात्र वेळेवर हार मानावी म्हणून. घरगुती कुकरसाठी आयएस 2347 हे भारतीय मानक आहे.

इंडक्शनची शेगडी आली आणि हा जमलेला हिशेब बिघडला. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असे पोलाद लागते. त्यातून तीन थरांचा पत्रा पुढे आला: आत आंबटाने न खाल्ले जाणारे स्टेनलेस स्टील, मध्ये उष्णता पसरवणारे अ‍ॅल्युमिनियम, बाहेर चुंबकाला दाद देणारे पोलाद. तीनही अडचणी सुटल्या, वजन आणि किंमत वाढली. शिवाय एक नवी अडचण शिरली. नुसते अ‍ॅल्युमिनियम भंगारवाला आनंदाने घेतो, कारण ते पुन्हा वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या सुमारे 5 टक्के ऊर्जा पुरते. चिकटलेले थर सुटे करणे मात्र त्याच्या हातोडीच्या आवाक्याबाहेरचे आहे.