कँडिडेमिया

रक्तात कँडिडा या प्रकारची बुरशी उतरणे म्हणजे कँडिडेमिया. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना बुरशीमुळे जे रक्तसंसर्ग होतात, त्यांतला हा सर्वांत जास्त आढळणारा. इंदूरच्या मराठी घरांत 'फंगस' म्हटले की आजही कोविडच्या लाटेतला २०२१चा मे महिना आठवतो. महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'एमवाय'मध्ये, तेव्हा म्युकरचे, म्हणजे काळ्या फंगसचे, वेगळे वॉर्ड उघडले होते आणि ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या एकेका कुपीसाठी माणसे दवा बाजारात खेटे घालत होती. म्हणून आयसीयूच्या दाराशी "रक्तात फंगस आलाय" असे ऐकले की नातेवाईक तोच काळा फंगस समजतात. हा समज आधी दूर करायला हवा. म्युकर श्वासावाटे नाकात शिरतो, सायनस आणि डोळा पोखरतो, पण रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जवळजवळ कधीच उगवत नाही. कँडिडा बाहेरून यावीच लागते असे नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवरही ती मुक्कामाला असते.

तिला रक्ताची वाट मोकळी होते ती बहुधा उपचारांच्या ओघातच. जबर प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू मरतात आणि मोकळ्या जागेत बुरशी फोफावते. आतडे फुटले असेल, पोटाच्या शस्त्रक्रियेचा टाका गळत असेल किंवा स्वादुपिंडाला गंभीर सूज असेल, तर तिला थेट दार मिळते. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी (सेंट्रल लाइन), शिरेतून दिले जाणारे संपूर्ण पोषण, डायलिसिस आणि स्टिरॉइड यांनी धोका आणखी वाढतो. यांतले काहीही हौसेने केलेले नसते; रुग्ण त्यामुळेच तगलेला असतो.

बुरशी कुठे सापडली, यावर सगळा निर्णय फिरतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बेडक्यात कँडिडा दिसली तर सहसा औषध देऊ नये. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्याच्या लघवीत दिसली आणि त्रास काही नसेल, तर शक्यतो कॅथेटर बदलावा किंवा काढावा. मात्र ब्लड कल्चरच्या एका बाटलीत जरी ती उगवली, तरी 'नमुना घेताना मिसळली असेल' म्हणून सोडता येत नाही. प्रत्यक्षात याच्या उलट घडताना दिसते : बेडक्याच्या अहवालावर महागडी इंजेक्शने सुरू होतात आणि रक्ताच्या अहवालावर 'पुन्हा पाठवून बघू' म्हणत दिवस जातो. हा दिवस रुग्णाला परवडत नाही.

निदान अवघड आहे, कारण ताप, घसरलेला रक्तदाब, वाढलेल्या पांढऱ्या पेशी हे सगळे जिवाणूंच्या सेप्सिससारखेच, म्हणजे अंगभर भिनलेल्या गंभीर संसर्गासारखेच असते. कल्चरही सुमारे निम्म्या वेळा चुकते. बीटा-डी-ग्लुकन ही रक्तचाचणी निगेटिव्ह आली तर बुरशीविरोधी औषध थांबवायला आधार मिळतो. पॉझिटिव्ह आली तर मात्र जपून, कारण काही डायलिसिस फिल्टर, शिरेतून दिलेली अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन ही प्रथिने यांमुळेही ती वाढते.

भारताचे चित्र पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा वेगळे आहे. देशातल्या २७ अतिदक्षता विभागांतल्या १,४०० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिकडे आघाडीवर असणारी कँडिडा अल्बिकान्स ही जात नव्हे, तर कँडिडा ट्रॉपिकॅलिस ४१.६ टक्क्यांनी पहिली होती. तीस दिवसांत ४४.७ टक्के रुग्ण दगावले. संसर्ग आयसीयूत आल्यावर साधारण आठव्या दिवशी गाठत होता आणि दाखल होताना फारसे अत्यवस्थ नसलेल्यांनाही गाठत होता.

उपचाराची सुरुवात एकायनोकँडिन या बुरशीविरोधी गटातल्या औषधाने करतात : कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० आणि मग रोज ५० मिलिग्रॅम, किंवा मायकाफंजिन रोज १०० मिलिग्रॅम. ही औषधे मूत्रपिंडाला जपतात, पण डोळा, मेंदू आणि लघवीत पुरेशी पोचत नाहीत. बुरशीची जात कळली, फ्लुकोनॅझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध तिला लागू पडते असे दिसले, रुग्ण सावरला आणि कल्चर स्वच्छ आले, की पाच-सात दिवसांनी स्वस्त फ्लुकोनॅझोलवर येता येते. जात कळणे यासाठीच मोलाचे. कँडिडा क्रुसेईवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. ॲम्फोटेरिसिन प्रभावी आहे, पण साध्या स्वरूपात थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंड दुखावते, पोटॅशियम-मॅग्नेशियम घसरते. ते ग्लुकोजच्या सलाइनमध्येच मिसळायचे, मिठाच्या नाही.

नुसत्या औषधाने भागत नाही. लाइनच्या आतल्या बाजूला बुरशीचा चिकट थर बसतो आणि औषध त्यात शिरत नाही, म्हणून शक्य तितक्या लवकर ती लाइन काढतात. पोटात पू असेल तर तो बाहेर काढावा लागतो. कल्चर रोज किंवा एक दिवसाआड पुन्हा पाठवतात आणि गुंतागुंत नसेल तर पहिल्या स्वच्छ कल्चरपासून चौदा दिवस मोजतात, औषध सुरू झाल्यापासून नव्हे. पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासावा. बेशुद्ध रुग्ण अंधुक दिसते असे सांगू शकत नाही, त्यामुळे ही तपासणी राहून जाते. कल्चर स्वच्छ होतच नसेल तर हृदयाच्या झडपांचा इको (सोनोग्राफी) करतात.

कँडिडा ऑरिसचा विचार वेगळा करावा लागतो. जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या या बुरशीचे वर्णन २००९ मध्ये झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वाधिक चिंतेच्या गटात घातले. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुधा चालत नाही. जुन्या पद्धतीची यंत्रे तिला चुकून कँडिडा हेम्युलोनी ही दुसरीच जात म्हणून ओळखतात. ती पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून साध्या फिनाइलवर न भागवता क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसावे लागते. रुग्ण बरा झाला तरी त्याच्या त्वचेवर ती महिनोन् महिने राहू शकते. देवास, धार, खरगोनहून इंदूरला आलेला रुग्ण पुढच्या उपचारांसाठी गावाकडच्या दवाखान्यात जातो, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'कँडिडा ऑरिस' हे लिहिलेले असावे.